नवगावचे कबरस्थान आणि आपला शेजारधर्म

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी या वर्षी ‘आपल्या भागाचा इतिहास’ या विषयावर काही तरी लिहा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. अलिबागकडचा इतिहास म्हटला की कुलाब्याचा किल्ला, कान्होजी आंग्रे, खांदेरी-उंदेरी ही नावे आपोआप तोंडी येतात. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी मात्र एका कबरस्थानाविषयी लिहिणार आहे. वर्धापनदिनाच्या आनंदात हा विषय काही भगिनींना अशुभ वाटेल. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग काय ते बोलावे.

अलिबागच्या उत्तरेस किनाऱ्याने निघाले म्हणजे थळच्या पुढे नवगाव लागते. इतर कोकणी गावांसारखेच ते गाव. नारळी-पोफळी आहेत, कोळ्यांची घरे आहेत आणि समोर समुद्रात खांदेरी-उंदेरीचे खडक दिसतात. याच गावी बेने इस्राएल लोकांचे जुने कबरस्थान आहे आणि तेथे मातीचे दोन मोठे उंचवटे दाखवितात. अलीकडच्या काळात या लोकांनी तेथे एक स्मारकस्तंभही उभारला आहे. महाराष्ट्रातील या सगळ्या समाजाची कहाणी या दोन उंचवट्यांपासून सुरू होते.

त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकीकत अशी. फार प्राचीन काळी त्यांचे पूर्वज आपल्या देशातील छळाला कंटाळून गलबतातून निघाले. पलीकडे चौल हे मोठे बंदर होते. ग्रीक व्यापाऱ्यांच्या जुन्या लिखाणातही त्याचा उल्लेख आहे. गलबत त्या बाजूला येत असता खांदेरी-उंदेरीजवळ वादळात सापडले आणि फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे जिवंत किनाऱ्याला लागली. बाकीच्यांची प्रेते लाटांनी नवगावच्या वाळूवर आणून टाकली. वाचलेल्यांनी गावकऱ्यांच्या आश्रयाने ती पुरली. पुरुषांची एका खड्ड्यात आणि स्त्रियांची दुसऱ्या खड्ड्यात. तेच हे दोन उंचवटे.

याच समाजातील विद्वान हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली आपल्या लोकांचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. तो छापला गेला मात्र चाळीस वर्षांनी, १९३७ साली, तेल अवीव येथे. त्यांच्या मते हे लोक इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास, अँटिओकस राजाच्या जुलमाच्या वेळी, निघाले असावेत. या मताला त्या काळचा लेखी आधार नाही, हे येथे सांगितले पाहिजे. चिपळूणकडे चित्पावनांच्या उत्पत्तीची जी कथा सांगतात, तिच्यातही समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली चौदा प्रेते आहेत. दोन्ही कथांतील हे साम्य अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेले नाही. कोकणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला आपले मूळ समुद्रात शोधावेसे वाटते, यात नवल ते काय! परंतु कथेचा काळ कोणताही असो, त्या दोन उंचवट्यांना आपले पूर्वज मानून शेकडो वर्षे माणसे तेथे माथा टेकीत आली, ही गोष्ट खोटी नाही.

वाचलेल्या कुटुंबांनी तेल गाळण्याचा धंदा धरला. गावोगाव त्यांचे घाणे फिरू लागले. शनिवारी मात्र घाणा बंद. बैल सोडलेले, चूल थंड. म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. ते स्वतःला बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरे, म्हणवितात. ज्या गावी वस्ती झाली, त्या गावाचे नाव आडनाव झाले. नवगावकर, पेणकर, केहिमकर, दिवेकर, राजपूरकर, अष्टमकर ही सगळी त्यांची आडनावे आहेत. पुढे गाव सुटले, घर पडले, पण आडनावातले ‘कर’ गेले नाही.

या लोकांचे पुष्कळसे आपल्यासारखेच झाले होते. बायका नऊवारी नेसत, लग्नात हाताला मेंदी लावीत, गळ्यात मंगळसूत्र बांधीत. पुरुषांची नावे सामाजी, हसाजी अशी असत. मांसाचे कालवण दुधादह्यात शिजवायचे नाही, हा त्यांच्या धर्माचा नियम. तो नारळाच्या रसाने सहज पाळला जाई. नवस फेडायचा झाला तर पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे आणि फळे यांचा मलिदा करून एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने वाटायचा. सणांची नावे देखील मराठी होती. नव्याचा सण, खिरीचा सण, दार फाळणीचा सण. दार फाळणीच्या दिवशी दारे बंद करून कडक उपास करावयाचा. हा सण अनेक वर्षी आपल्या दसऱ्याच्या आगेमागे येतो. त्या वेळी पितर घरी येऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, परत फिरतात, अशी जुन्या पिढीची समजूत होती. पितृपक्ष पाळणाऱ्या आपल्यासारख्यांना ही समजूत परकी वाटणार नाही.

१७३८ साली सार्टोरिअस नावाच्या मिशनऱ्याने एका पत्रात या लोकांविषयी लिहिले आहे. त्यांच्याजवळ धर्मग्रंथ उरला नव्हता आणि प्रार्थनेतील ‘शमा’ हा एक मंत्रच त्यांना येत होता, असे त्यात आहे. भाषा गेली, लिपी गेली. तरी शनिवार राहिला, सुंता राहिली आणि मेलेल्या माणसाला पांढऱ्या वस्त्रात गुंडाळून मातीत ठेवण्याची रीत राहिली. मग जुन्या कबरींवर अक्षरे कोठून असणार? डोक्याशी एक धोंडा, पायाशी एक धोंडा, एवढीच खूण. त्या खाली कोण आहे हे घरच्या माणसांना ठाऊक असे, आणि ती माणसे गेली की कोणालाच ठाऊक नसे.

अक्षरे आली ती अठराव्या शतकानंतर. कोचीनकडील यहुदी शिक्षकांनी त्यांना हिब्रू प्रार्थना शिकविल्या. १८३२ साली जॉन विल्सन या मिशनऱ्याने हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. त्याच्याही आधी, १७९६ साली, कंपनी सरकारच्या फौजेतील सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. लोक त्याला जुनी मशीद म्हणत आणि आपल्या मसजिद बंदर स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. अलिबागच्या इस्राएल आळीतील प्रार्थनामंदिर १८४८ चे आणि पनवेलचे १८४९ चे. या सुमारापासून कबरींवर लेख दिसू लागतात. वर हिब्रू, खाली मराठी, आणि पुढेपुढे इंग्रजीही. नवगाव हे मूळस्थान. त्याची धाकटी भावंडे म्हणावीत अशी लहान लहान कबरस्थाने रायगड जिल्ह्यातील अनेक गावांच्या कडेला आहेत.

असा दगड वाचणे अवघड नाही. हिब्रू मजकुराच्या आरंभी बहुधा दोन अक्षरे असतात. त्यांचा अर्थ ‘येथे पुरले आहे’ असा. यहुदी वर्ष आपल्या इसवी सनाच्या ३७६० ने पुढे असते आणि ते शरद ऋतूत सुरू होते. म्हणजे दगडावर ५६५० असेल तर ३७६० वजा करून १८९० साल येते, आणि मृत्यू वर्षाच्या पहिल्या दोनतीन महिन्यांत झाला असेल तर १८८९. हे गणित आपल्या शाळेतल्या मुलींनाही जमेल.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. आपल्याकडे जुन्या कागदांत बाईचे नाव कोठे असते? सातबाराच्या उताऱ्यावर क्वचित, वंशावळीत तर नाहीच. वंशावळ म्हणजे बाप, मुलगा, नातू. सून आणि लेक त्यात नसतात. नवगावला उतरलेल्या त्या सात स्त्रियांपैकी एकीचेही नाव कथेत उरलेले नाही. परंतु गेल्या दीडदोनशे वर्षांतल्या या कबरींवर मात्र बायकांची नावे आहेत. अमक्याची बायको, तमक्याची आई, पण सुरुवातीला तिचे स्वतःचे नाव. मराठी अक्षरांत दगडावर कोरलेले. माझ्या पणजीचे नाव मला कोठल्याही दगडावर सापडणार नाही.

या नावांचे मोल या समाजाला एकदा फार कठीण प्रसंगी कळले. १९४८ साली इस्राएलचे राज्य झाल्यावर येथील कुटुंबे हळूहळू तिकडे जाऊ लागली. स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांची संख्या वीस हजारांच्या घरात होती. तिकडे गेल्यावर, १९६० नंतरच्या वर्षांत, हे लोक खरोखरच पूर्ण यहुदी आहेत काय, असा प्रश्न तेथील धर्माधिकाऱ्यांनी काढला. १९६२ साली हुकूम निघाला की बेने इस्राएल मुलामुलीचे लग्न इतरांशी लावण्यापूर्वी त्यांची आई कोण, आजी कोण, तिची आई कोण, याची चौकशी करावी. ज्यांनी कोकणात शेकडो वर्षे शनिवार मोडला नाही, त्यांना आपल्या आज्यांचा दाखला द्या म्हणून सांगण्यात आले! लोक रस्त्यावर आले. त्यांनी यरुशलेमला धरणे धरले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील लोकसभेने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत. न्याय मिळाला, पण अपमान झाला तो झाला. आणि तो अपमान आईच्या आणि आजीच्या नावावरून झाला.

या प्रश्नात शास्त्रज्ञांनीही अलीकडे लक्ष घातले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात रक्तातील आनुवंशिक खुणा तपासून असे दिसले की या समाजात मध्यपूर्वेतील यहुद्यांचा आणि भारतीयांचा असा दोन्हींचा अंश मोठा आहे. यहुदी अंश अधिक करून पुरुषांकडून आलेला, तर भारतीय अंश अधिक करून स्त्रियांकडून. हे मीलन १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाले असावे. म्हणजे कथेत सात जोडपी असली तरी या मातीतल्या लेकी त्या घरांत सुना म्हणून गेल्या असल्या पाहिजेत. त्या धर्म शिकल्या, तो पाळला आणि मुलांना शिकविला. ग्रंथ हरवला तेव्हा शनिवार राखला तो चूल थंड ठेवणाऱ्या बाईनेच. कोणी सांगावे, त्यांची आजीची आजी आणि आपली आजीची आजी एकाच विहिरीवर पाणी भरीत असतील!

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

माझ्या लहानपणी आमच्या शेजारी एक इस्राएली कुटुंब होते. तेथल्या काकूंना आम्ही मावशी म्हणत असू. आईची आणि त्यांची फार मैत्री. १९७० च्या सुमारास ते सगळे इस्राएलला गेले. निघताना मावशींनी आईचा हात धरून सांगितले, “माझी आई इथंच राहिली. जाता-येता बघत जा हो तिच्याकडे.” त्यांची आई गावाबाहेरच्या कबरस्थानात होती. आई शब्दाची पक्की. दर वर्षी पाऊस सरला की शेतावरून येताना ती कोयत्याने तेथली घाणेरी तोडी, दगडावरचे शेवाळ नारळाच्या काथ्याने घाशी आणि येई. मी बरोबर असले तर उंडीच्या झाडाखाली बसून राही. दगडावर काय लिहिले आहे ते मी कधी वाचले नाही. आईला वाचता येत नव्हते, आणि मला येत असून मी वाचले नाही.

आई गेली. मी चार-दोन वर्षे तेथे गेले. मग घर, नातवंडे, गुडघे, अशी कारणे निघत गेली. काही वर्षांपूर्वी एक तरुण आमच्या दारात उभा राहिला. मावशींचा नातू! त्याला मराठी मोडके-तोडके येत होते. ‘आई’ आणि ‘पोळी’ हे शब्द मात्र अगदी स्वच्छ. हातात एक कागद होता. त्यावर आमच्या घराची खूण होती आणि ‘पणजीची कबर, उंडीजवळ’ एवढेच शब्द होते. मी त्याला घेऊन गेले. तेथे सगळे घाणेरीचे रान झालेले. उंडी वादळात पडली होती, तिचा बुंधाही दिसेना. तास दोन तास आम्ही काट्यांत फिरलो. त्याच संध्याकाळी त्याला मुंबईला परतायचे होते. तो मला म्हणाला, “असू दे आजी.” भगिनींनो, ते दोन शब्द मला फार लागले.

पुढच्या आठवड्यात मी मंडळाच्या बैठकीत ही गोष्ट सांगितली. पाचजणी कोयते घेऊन माझ्याबरोबर आल्या. तिसऱ्या दिवशी उंडीचा कुजलेला बुंधा सापडला आणि त्याच्या पलीकडे तो दगड, एका अंगावर कलंडलेला. वर हिब्रूच्या ओळी, खाली मराठी. आडनाव जुळले, नवऱ्याचे नाव जुळले, आणि आरंभी त्या बाईचे स्वतःचे नाव होते. ते मी येथे छापीत नाही. ते त्यांच्या घरचे आहे. आमच्यातल्या एकीच्या मुलीने फोनवर चित्र काढून तिकडे पाठविले. दोन दिवसांनी मावशींच्या लेकीचा निरोप आला, मराठीत. “आजीचं नाव आम्हांला ठाऊकच नव्हतं. घरात सगळी तिला आईच म्हणत.”

नाव जगात एकाच ठिकाणी उरले होते, आणि ते ठिकाण आम्ही घाणेरीखाली जाऊ दिले होते.

आज सगळ्या भारतात यहुदी लोक पाच हजारांच्याही आत आहेत आणि त्यांतले पुष्कळसे मुंबई-ठाण्याकडे राहतात. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक समाज म्हणून मान्यता दिली, हे योग्यच झाले. पण खेड्यातील कबरस्थानाला सरकारी कागद काय करणार? खांदेरीचा किल्ला २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्याचा आपल्याला अभिमान आहे. त्याच खडकांजवळ बुडालेल्यांची कहाणी सांगणारी ही लहान लहान कबरस्थाने कोणत्याच यादीत येत नाहीत. त्यांची यादी शेजाऱ्यांनीच करावयाची असते.

म्हणून मंडळापुढे माझी सूचना साधी आहे. अलिबागच्या प्रार्थनामंदिराच्या विश्वस्तांची परवानगी घेऊन, दर वर्षी दसऱ्यानंतर एक दिवस आपल्या हद्दीतील कबरस्थान साफ करावे. झाडे तोडू नयेत, दगड हलवू नयेत, कलंडलेला दगड आपल्या मताने उभा करू नये. फक्त रान काढावे. ज्या दगडांवर अक्षरे आहेत त्यांची चित्रे काढून ठेवावीत. मराठी मजकूर एका वहीत जसाच्या तसा उतरवावा. जे अक्षर लागत नाही तेथे टिंब द्यावे, अंदाजाने नाव भरू नये. एक वही मंडळाच्या कपाटात राहील, एक विश्वस्तांकडे जाईल. खर्च म्हणाल तर कोयते घरोघर आहेतच. दोन वह्या आणि चहा एवढाच.

यहुदी लोक कबरीला भेट दिली की दगडावर एक लहानसा खडा ठेवतात. कोणी तरी येऊन गेले, एवढेच त्याने कळते. आमच्या पाचजणींपैकी एकीने त्या दिवशी निघताना, कोणी न सांगता, एक खडा उचलून तेथे ठेवला. मग आम्ही सगळ्यांनीच ठेवला. पुढच्या दसऱ्यानंतर तुम्हीही बरोबर यावे, एवढीच या स्मरणिकेतून माझी विनंती.